मुलांच्या हाती तापमापी आणि पर्जन्यमापक : नागपूरच्या ऋतूंतून मोजमाप शिकवताना

ऊनसावली (धागाकर्ती)

नमस्कार. मी नागपुरात बालवाडी ते दुसरी या वयाच्या मुलांबरोबर काम करते. हवामान आणि मोजमाप हे दोन विषय या वयात एकत्र कसे शिकवावेत, यावर येथील अनुभवी मंडळींशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

हवामानाचा पाठ बहुतेक ठिकाणी सूर्य, ढग आणि छत्री या तीन चित्रांत आटोपतो. काही उत्साही शिक्षक त्यापुढे जातात, प्लॅस्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक बनवून घेतात, स्ट्रॉ आणि पुठ्ठ्याची वातदिशा दाखवणारी सुई करून घेतात. मग त्याचे प्रदर्शन भरते, पालक येऊन पाहून जातात आणि खरा पाऊस सुरू होण्याच्या आधीच ती साधने कपाटात जातात. मला हे पाहून मनापासून वाईट वाटते. साधन बनवणे हा या शिक्षणाचा सर्वांत सोपा भाग आहे. एकाच जागी ठेवलेल्या साधनाकडे रोज ठरलेल्या वेळी जायचे, दिसले ते तसेच्या तसे नोंदवायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मागे वळून त्या नोंदींकडे पाहायचे, ही सवय मुलांना लागली तर हवामान आणि मोजमाप दोन्ही एकाच वेळी समजतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ते जमते. आकड्यांची घाई मात्र करू नये.

आकड्यांशिवाय नोंद कशी होते, ते सांगते. पर्जन्यमापकात सकाळी जितके पाणी असेल तितक्याच उंचीची निळ्या घोटीव कागदाची पट्टी कापायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या तारखेच्या घरात उभी चिकटवायची. कागद बाटलीला टेकवायचा, पाण्याच्या रेषेवर नखाने खूण करायची आणि कात्री चालवायची. मुलगी खूण करताना पाण्याच्या पातळीशी डोळे आणण्यासाठी आपोआप गुडघ्यांवर बसते. वरून पाहिले तर रेषा वेगळी दिसते हे तिला कोणी सांगावे लागत नाही. ज्या दिवशी पाऊस नसेल त्या दिवसाचे घर रिकामे राहते आणि ते रिकामे घर हीसुद्धा नोंदच असते. तापमानासाठी तापमापीतील लाल स्तंभाएवढी लाल पट्टी. जूनच्या आरंभीची रिकामी घरे, मग एखादी बोटभर पट्टी, मग जुलैतली दाट निळी रांग हे सर्व मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहते आणि आलेख हा शब्द न उच्चारता आलेख तयार होतो.

या कामासाठी आपल्या शहरासारखे शहर शोधून सापडणार नाही. समुद्रकाठच्या गावात तापमानाची पट्टी वर्षभर फारशी हलत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि याच शहरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा एक आकडी होतो. वर्षाचा सुमारे अकराशे-साडेअकराशे मिलिमीटर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऋतूंमधला फरक इतका ठळक असताना मुलांना तो पुस्तकातल्या चित्रावरून शिकवणे मला पटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत : साधने कोठे आणि कशी ठेवावीत? कोणती साधने लहान मुलांसाठी खरोखर उपयोगाची आहेत आणि कोणती केवळ शोभेची? आणि लांबी, वजन, आयतन (भांड्यात किती मावते ते) यांचे मोजमाप हवामानाच्या नोंदींशी कोणत्या क्रमाने जोडावे?

---

गच्चीवाला

ताई, विषय फार चांगला काढलात. मी शिक्षक नाही, दोन मुलांचा बाप आहे. आम्ही मनीषनगरात चौथ्या मजल्यावर राहतो, अंगण नाही. गच्ची आहे, पण एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहानंतर मुलांना तेथे पाठवण्याची माझी हिंमत होत नाही. अशा कुटुंबांनी काय करावे? शिवाय घरात ताप पाहायचा थर्मामीटर आहे, त्यानेच हवेचे तापमान मोजता येईल का?

---

सोनेगावकर

हवामानाच्या निरीक्षणांशी माझा आयुष्यभर संबंध आला, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

गच्चीवाला, ताप पाहायचा थर्मामीटर यासाठी मुळीच वापरू नका. त्यावरील खुणा साधारण ३५ ते ४२ अंशांच्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतले तापमान सहज त्यापलीकडे जाते, तेव्हा आतला द्रव टोकाला भिडून नळी तडकू शकते. जुना पाऱ्याचा असेल तर फुटल्यावर पारा सांडतो आणि तो विषारी असतो. भिंतीवर लावण्याची लाल अल्कोहोलची तापमापी स्वस्त मिळते. ती शून्य ते पन्नास अंशांपर्यंत तरी असावी.

आता जागा. उन्हात ठेवलेली तापमापी हवेचे तापमान दाखवत नाही, ती स्वतः किती तापली ते दाखवते. म्हणूनच वेधशाळेत तापमापी पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत असते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात ती योजली. पांढरा रंग ऊन परतवतो, झडपांतून वारा खेळतो, आणि आपल्या उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे असते, म्हणजे दार उघडल्यावर ऊन थेट आत येत नाही. घरी असेच साधायचे असेल तर उत्तरेकडचा व्हरांडा किंवा गॅलरी पाहावी, तापमापी भिंतीपासून दोन बोटे सुटी टांगावी आणि कूलरची हवा किंवा स्वयंपाकघराची झळ लागणार नाही अशी जागा निवडावी. मुलांना उन्हात जावे लागत नाही, हा आणखी एक फायदा.

सर्वांना एक गोष्ट आठवत असेल. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान दिसले आणि ती बातमी देशभर पसरली. नंतर हवामान खात्याने तो आकडा सेन्सरमधील बिघाडामुळे आल्याचे स्पष्ट केले. मुलांना शिकवण्यासाठी याहून मोलाचा प्रसंग नाही. आकडा यंत्राने दिला म्हणून तो खरा ठरत नाही; शेजारचे साधन काय सांगते, कालचा आकडा काय होता, हे पडताळावे लागते. म्हणून वर्गात एकाऐवजी दोन तापमापी ठेवाव्यात. त्या दोघी एखाद्या अंशाने वेगळ्या दिसतील, आणि मग 'कोणती बरोबर?' हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील. तो प्रश्न येऊ द्यावा आणि उत्तराची घाई करू नये.

वेळेविषयी : भारतात दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत मोजतात. आपणही तीच वेळ पाळली तर वर्तमानपत्रात येणाऱ्या आकड्याशी आपली नोंद ताडून पाहता येते. दोन्ही आकडे जुळतीलच असे नाही, कारण सोनेगावला पडलेला पाऊस मानेवाड्याला पडेलच असे नाही, आणि हे तर पावसाळ्यात प्रत्येक नागपूरकर पाहतो.

पर्जन्यमापक मोकळ्या जागी ठेवावा. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जितकी उंची असेल त्याच्या दुप्पट अंतर सुटलेले असावे. खात्याच्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असते, कारण त्याहून खाली ठेवले तर जमिनीवर आपटून उडालेले थेंब आत जातात आणि फार उंच ठेवले तर वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो. गच्चीवर वारा जास्त असतो, त्यामुळे तेथील आकडा थोडा कमी येईल. तरीही साधन रोज त्याच जागी असेल तर दिवसादिवसांची तुलना खरी राहते.

---

ऊनसावली

काका, मनःपूर्वक आभार. दोन तापमापी ठेवण्याची सूचना मी नक्की अमलात आणणार आहे. बाटलीबद्दल एक शंका आहे : थंड पेयाच्या बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, मग मिलिमीटर कोठून मोजायचे?

---

सोनेगावकर

बाटली जेथे सरळ होते तेथे, खांद्याखाली कापावी आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा, म्हणजे पाणी वाफ होऊन लगेच उडत नाही. तळात खडे भरावेत. त्यामुळे बाटली वाऱ्याने कलंडत नाही. मग खडे बुडून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओतावे आणि त्या पातळीवर पक्क्या शाईने शून्य लिहावे. तेथून वर साधी पट्टी चिकटवली की काम झाले. वाचन घेतल्यावर पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवायचे. नरसाळ्याचे तोंड आणि खालच्या बाटलीची रुंदी एकच असेल तरच पट्टीवरचा मिलिमीटर हा पावसाचा मिलिमीटर असतो. तोंड रुंद आणि भांडे अरुंद असेल तर पाणी प्रत्यक्षाहून जास्त उंच चढते. बाजारातली चांगली साधने हाच गुण वापरून थोडा पाऊस मोठा करून दाखवतात, पण त्यांच्यावरील खुणा त्या हिशोबाने आखलेल्या असतात.

---

भौतिकी

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. कोणती साधने शोभेची, या प्रश्नाला उत्तर देतो. काचेच्या बरणीच्या तोंडावर फुगा ताणून बसवायचा, त्यावर स्ट्रॉ चिकटवायची आणि तिला बॅरोमीटर म्हणायचे, हा प्रयोग जवळजवळ प्रत्येक उपक्रमपुस्तिकेत आढळतो. नागपुरात तो हवेचा दाब दाखवतच नाही.

हिशोब सोपा आहे. बंद बरणीतील हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिचा दाब सुमारे तीनशेव्या भागाने वाढतो, म्हणजे अंदाजे तीन हेक्टोपास्कल (हे दाबाचे एकक). बाहेरच्या हवेच्या दाबात दिवसभरात होणारा बदलही साधारण तेवढाच असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे आणि दुपारी तापमानात बारा-पंधरा अंशांचा फरक पडतो. मग स्ट्रॉ वर-खाली होते ती जवळजवळ पूर्णपणे उष्णतेमुळे. मुलांना आपण सांगतो की दाब कमी झाला, पाऊस येणार. आणि खरे कारण एवढेच असते की खिडकीतून बरणीवर ऊन आले. जे साधन एक मोजते आणि दुसऱ्याचे नाव सांगते, ते लहान मुलांसमोर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

तीच बरणी 'हवेची तापमापी' म्हणून ठेवली तर मात्र ती उत्तम साधन आहे. तिच्याभोवती हात धरले की स्ट्रॉ हलते, ओले फडके गुंडाळले की उलट दिशेला जाते. सतराव्या शतकाच्या आरंभीची उष्णतादर्शक उपकरणे याच तत्त्वावर चालत, त्यांत हवाच फुगत आणि आकसत असे. हवेचा दाब हा विषय सातवी-आठवीपर्यंत थांबू शकतो. टॉरिचेलीने १६४३ मध्ये हवेचा दाब दाखवणारी पाऱ्याची नळी उभी केली, ती कल्पना सहा वर्षांच्या मुलाला पेलणार नाही आणि पेलण्याची गरजही नाही.

वाऱ्याच्या साधनाबद्दलही सांगतो. बाणाचे शेपूट टोकापेक्षा रुंद हवे, म्हणजे वारा शेपटाला ढकलतो आणि टोक वारा येतो त्या दिशेला वळते. मुलांना सहज वाटते की बाण वारा जातो ती दिशा दाखवतो. म्हणून आधी मुलांना वाऱ्याकडे तोंड करून उभे राहू द्यावे, गालांवर वारा सारखा लागेपर्यंत वळू द्यावे, आणि मगच बाण पाहावा. नैऋत्येचा मोसमी वारा म्हणजे नैऋत्येकडून येणारा वारा, हे मग पाठ करावे लागत नाही. वेगासाठी कपांचे फिरते यंत्र करण्यापेक्षा झाडांकडे पाहणे बरे. ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याच्या बलाची श्रेणी बांधली. पुढे जमिनीवरच्या खुणाही तिला जोडल्या गेल्या : धूर सरळ वर जातो, पाने सळसळतात, लहान फांद्या हलतात, अख्खे झाड डोलते. शाळेसमोर कडुनिंब असेल तर यंत्राची गरज उरत नाही.

---

गणितवाली (महाल)

लांबी-वजन-आयतनाच्या क्रमाबद्दल लिहिते, कारण प्राथमिक गणित हेच माझे क्षेत्र आहे.

पहिला टप्पा केवळ तुलनेचा. कोणते लांब, कोणते जड, कशात जास्त मावते. येथे कोणतेही एकक नको. साध्या हँगरच्या दोन टोकांना दोन सारख्या वाट्या बांधल्या की तराजू होतो. संत्रे आणि पेरू, चिंचोके आणि कवड्या, ओली माती आणि कोरडी माती यांची तुलना मुले तासभर करतात. ओली माती जड का झाली, हा प्रश्न आला की पाऊस आपसूक वर्गात येतो.

दुसरा टप्पा शरीराच्या मापांचा : बोट, टीच, वीत, हात, पाऊल. व्हरांडा किती पावले लांब, फळा किती वीत रुंद. प्रत्येक मुलाचे उत्तर वेगळे येते आणि मुले भांडू लागतात. ते भांडण फार महत्त्वाचे असते. सर्वांसाठी एकच माप हवे ही गरज त्या भांडणातून निर्माण होते, आणि मगच पट्टी हातात द्यावी. आपल्या आजी-आजोबांच्या घरात शेर आणि पायली होती, चार शेरांची एक पायली. देशात दशमान वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून लागू होऊ लागली, तेव्हा इतवारीच्या धान्यबाजारातल्या व्यापाऱ्यांपासून घरातल्या बायकांपर्यंत सर्वांनाच नवी मापे शिकावी लागली. घरात पितळी शेर किंवा मापटे अजून असेल तर मुलांनी ते शाळेत आणावे, त्यात किती लिटर पाणी मावते ते मोजावे आणि आजीला सांगावे.

पाण्याच्या मोजमापात एक अडचण येते. चार-पाच वर्षांच्या मुलाला अरुंद उंच पेल्यातले पाणी पसरट वाटीतल्यापेक्षा जास्त वाटते, ते पाणी त्याच्या डोळ्यांदेखत ओतले असले तरीही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे निरीक्षण सविस्तर मांडले आहे. म्हणून बालवाडीत सर्वांचे पर्जन्यमापक एकाच आकाराच्या बाटलीचे असावेत. वेगवेगळ्या बाटल्या तिसरीत आणाव्यात. तेव्हा मुलांना असे आढळते की रुंद बादलीत आणि अरुंद सरळ डब्यात, दोन्ही सरळ भिंतींची असली तर, पावसाची उंची सारखीच येते, आणि त्या शोधाने ती अक्षरशः थक्क होतात.

मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी, हेही त्या वयात दाखवता येते. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौरस प्लॅस्टिकच्या कापडावर आखावा, कडांना विटा लावून काठ उंच करावेत आणि मुलांनी त्यात एक लिटर पाणी ओतावे. ते पसरून जेमतेम जमीन ओली करते; तो एक मिलिमीटर पाऊस. मग शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर नागपूरच्या एका पावसाळ्यात सुमारे एक लाख लिटर पाणी पडते, हा हिशोब चौथीची मुले स्वतः करतात आणि ते पाणी कोठे जाते असे विचारतात.

---

वरुडची संत्री

मूळची वरुडची, आता नागपुरात. आमच्या घरी पाऊस नक्षत्रांवर मोजला जातो. मृगाचा पाऊस आला का, आर्द्रा कशी गेली, 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती'. हे सर्व मुलांना सांगावे की नाही? मुलाच्या शाळेत एका पालकांनी नवतपाचा उल्लेख केला तेव्हा तो अंधश्रद्धा म्हणून उडवून लावला गेला. मला ते खटकले.

---

भौतिकी

उडवून लावणे चूकच. पण केवळ सांगून सोडणेही पुरेसे नाही. नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे पहिले नऊ दिवस, साधारण २५ मेपासून. ते वर्षातले सर्वांत तापलेले दिवस असतात, असे म्हणतात. मग मुलांकडे तापमापी आहे, तक्ता आहे. संपूर्ण मे महिन्याच्या पट्ट्या लावाव्यात आणि सर्वांत उंच पट्टी नवतपात येते की आधी, ते पाहावे. एका वर्षाच्या नोंदीने निकाल लागणार नाही, हेही सांगावे. २०१३ चा ४७.९ अंशांचा दिवस नवतपा लागण्याच्या दोन दिवस आधीचा होता.

---

ऊनसावली

मला हा मार्ग फार आवडला. नक्षत्रांची नावे सौर दिनमानाशी बांधलेली आहेत; मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागतो, तेव्हा तक्त्यावर तारखांच्या खाली नक्षत्रांची नावेही लिहिता येतील. शेतकरी घरातली मुले वर्गात जे ज्ञान घेऊन येतात, त्याला तक्त्यावर जागा मिळालीच पाहिजे. आपल्याकडे पाऊस मोजणे नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक हात रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापक म्हणून ठेवण्यास सांगितले आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोण या मापात दिले आहे. पेरणी ठरवण्यासाठी राज्याला ते हवे होते.

---

शून्यमैल

मोजमापाचा विषय नागपुरात निघाला आणि झिरो माईलचा उल्लेख नाही, म्हणून लिहितो. सीताबर्डीजवळचा तो स्तंभ मुलांना जरूर दाखवावा. तेथील १९०७ सालच्या मानक तलचिन्हावर (उंची मोजून पक्की केलेल्या संदर्भखुणेवर) समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे, म्हणजे सुमारे ३११ मीटर. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असताना ही उंची मोजली कशी, हा प्रश्न मुलांना पडू द्यावा. शहरातील दिशादर्शक फलकांपेक्षा त्या दशांशचिन्हानंतरच्या तीन आकड्यांत मला अधिक अभिमान वाटतो. कोणीतरी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत काळजी घेतली होती.

या सर्वेक्षणाचा एक धागा विदर्भाच्या मातीतच आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबर तेथेच आहे. १८०२ मध्ये त्यांनी मद्रासजवळ पहिली आधाररेषा (जिच्यावरून पुढची अंतरे काढायची ती रेषा) मोजली, ती शंभर फुटी पोलादी साखळीने. उन्हाने साखळी लांबते, म्हणून ती तंबूंच्या सावलीत पसरत असत, शेजारी तापमापी ठेवत असत आणि तापमानाप्रमाणे लांबीत दुरुस्ती करत असत. ऊनसावली ताईंनी हवामान आणि मोजमाप एकत्र शिकवण्याचा जो विचार मांडला आहे, तो त्या तंबूत प्रत्यक्ष चालत होता. मुलांना ही गोष्ट सांगितली की पट्टी आणि तापमापी दोन वेगळ्या तासांच्या वस्तू राहत नाहीत.

सावलीबद्दलही सुचवतो. जमिनीत काठी रोवून दुपारची सावली खडूने आखणे हे सर्वांत स्वस्त मोजमाप आहे. नागपूरचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर असल्याने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. आपल्याकडे मे महिन्यात हे बाराच्या ठोक्याला घडत नाही, बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास घडते, कारण भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावर बेतलेली आहे ते आपल्या पूर्वेला आहे. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेकडे पडते, तेव्हा सावलीवरून उत्तर दिशा ठरवणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे. रात्री ध्रुवतारा पाहायचा असेल तर हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवाव्यात. त्यांच्या वर तो दिसतो. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड, त्यामुळे मोठ्यांचे आणि मुलांचे उत्तर जवळपास सारखे येते.

मे महिन्यातली मध्यान्हीची सावली मुलांनी व्हरांड्यातून किंवा खिडकीतूनच पाहावी. उन्हात उभे राहून काठीची राखण करणे मोठ्यांनी करावे, तेही डोक्याला दुपट्टा बांधून.

---

गच्चीवाला

सर्वांचे आभार. उत्तरेकडच्या गॅलरीत दोन तापमापी टांगल्या आहेत. आर्द्रतेसाठी मुलांना समजेल असे काही आहे का? केसाचे साधन करून पाहण्याचा सल्ला वाचला होता.

---

भौतिकी

दोन तापमापी आहेत ना, मग वेगळे साधन नको. एकीच्या खालच्या, द्रव असलेल्या फुगीर टोकाभोवती मलमलीची चिंधी गुंडाळा, तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्ही समोर हाताने पंखा हलवा. ओली तापमापी खाली उतरते, कारण पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी दोन्हींमध्ये पंधरा-वीस अंशांपर्यंत फरक दिसतो. जुलैच्या पावसाळी दिवशी तो दोन-चार अंशांवर येतो. घरातला कूलर मे महिन्यात खोली थंडगार करतो आणि पावसाळ्यात फक्त चिकचिक वाढवतो, त्याचे कारण हेच. नागपूरच्या प्रत्येक घरात वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर आहे. मुलांनी कूलरच्या समोर आणि त्याच्या मागे, ताट्यांच्या बाहेर, असे दोन्हीकडे तापमान मोजावे. विजेची जोडणी आणि पाणी जवळजवळ असतात, म्हणून तेथे मोठ्या माणसाने सोबत राहणे अत्यावश्यक आहे. पहिल्या इयत्तेला एवढे दाखवले तरी पुरते : ओला हात पंख्याखाली धरा, कोरडा हात धरा.

---

गणितवाली (महाल)

माझी एक शंका उरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी साधी बाटली भरून वाहिली असती किंवा वाहून गेली असती, तर तक्त्यात काय लावायचे? आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे मृगाचा पहिला पाऊस आमच्या तक्त्यात कधीच येत नाही.

---

सोनेगावकर

बाटली भरून वाहिली असेल तर पूर्ण उंचीची पट्टी लावावी आणि तिच्या टोकावर बाण काढावा, म्हणजे 'एवढा तरी पडला, याहून अधिक किती ते माहीत नाही'. साधन पडले, फुटले किंवा वाचन घ्यायचे राहिले तर त्या घरात फुली मारावी. रिकामे घर म्हणजे पाऊस नाही आणि फुली म्हणजे नोंद नाही, हा फरक मुलांना पहिल्या आठवड्यातच समजावून सांगावा. अंदाजाने घर भरू देऊ नये. आमच्या कामात हा नियम सर्वांत कडक होता.

रविवारी शाळा बंद असल्यास सोमवारी दोन दिवसांचे पाणी एकत्र मिळते, तेव्हा ती पट्टी दोन्ही घरांच्या सीमारेषेवर लावून दोघांना कंसाने जोडावे. हवामान खाते अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो दिवस 'पावसाचा दिवस' मानते. मोठ्या मुलांनी तक्त्यावर तेवढ्या उंचीवर एक आडवी रेघ ओढून घ्यावी आणि महिन्यातले पावसाचे दिवस मोजावेत.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडे पर्जन्यमापक सुटीपुरता द्यावा. त्यांनी रोज साडेआठला पट्टी कापून मागे तारीख लिहून पाकिटात ठेवायची आणि शाळा उघडल्यावर सर्व मुलांनी मिळून ती तक्त्यावर चिकटवायची. गच्चीवाल्यांची तयारी असेल तर मनीषनगरच्या नोंदी आणि महालच्या नोंदी शेजारी शेजारी लावता येतील. ऊनसावली ताईंनी दोन्हीकडे एकाच मापाच्या बाटल्या द्याव्यात.

---

गच्चीवाला

तयारी आहे. बाटली आणि पाकीट दोन्ही मेअखेरपर्यंत मिळाले तर बरे, म्हणजे खडे भरून शून्याची खूण मुलांकडून करून घेता येईल.